मासे मारणाऱ्या आवाजाची गोष्ट

आजची गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धात. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत सुटल्या होत्या. त्यांना शोधायला फ्रान्सच्या पॉल लांजव्हँने क्वार्ट्‌झला वीज देऊन पाण्यात एक आवाज सोडला. आपल्या कानाला न ऐकू येणारा, म्हणजे अल्ट्रासाउंड. पाणबुडीवर आपटून येणारा त्याचा प्रतिध्वनी पकडायचा, एवढाच हेतू. पण झालं भलतंच. आवाजाच्या वाटेत आलेले मासे मरू लागले!

हे अमेरिकेच्या रॉबर्ट वुडने स्वतः पाहिलं होतं. १९२७ मध्ये त्याने आणि आल्फ्रेड लूमिसने दाखवलं, की जोरदार अल्ट्रासाउंडने रक्तातल्या लाल पेशीही फुटतात. १९२९ मध्ये न्यूटन हार्वे आणि लूमिस यांनी अंधारात चमकणारे बॅक्टेरिया याच आवाजाने मारले.

आवाज मारतो कसा? आवाजाच्या लाटेने पाणी ताणलं-दाबलं जातं, त्यात बारीक बुडबुडे तयार होतात आणि आतल्या आत कोसळतात. त्या क्षणी तिथे हजारो अंश तापमान होतं. जंतूची भिंत फाटते. पण अडचण बघा, जो आवाज जंतू फोडतो, तोच आपल्या पेशीही फोडतो.

इथे कामाला येतो उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ. उदाहरणार्थ टायटॅनियम डायऑक्साइड, पांढऱ्या रंगातली पावडर. १९८५ मध्ये जपानच्या मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनम लावलेल्या या पावडरीवर प्रकाश टाकून जंतू मारले. पण गढूळ पाण्यात किंवा शरीरात खोलवर प्रकाश पोचत नाही. आवाज पोचतो! म्हणून पुढे संशोधकांनी प्रकाशाऐवजी अल्ट्रासाउंड वापरून पाहिला. पावडरीच्या कणांवर बुडबुडे सहज धरतात, ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात आणि ते जंतूवर तुटून पडतात. त्यामुळे आवाज कमी जोराचा असला तरी भागतं.

याची गरज काय? २०१९ या एका वर्षात, औषधांना दाद न देणाऱ्या बॅक्टेरियांमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. अँटिबायोटिक बहुधा जंतूच्या एखाद्या ठरावीक जागी घाव घालतं, आणि जंतू ती जागा बदलून निसटतो. हे रेणू मात्र एकाच वेळी चहूबाजूंनी हल्ला करतात. त्यातून निसटणं अवघड.

अर्थात, शरीरातल्या संसर्गावरचा हा उपाय अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. आपल्या पेशींना धक्का न लावता जंतू मारायचे, हा १९२७ चा पेच अजून पुरता सुटलेला नाही. तो सुटेपर्यंत डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक मनानेच बंद करू नका, आणि मनानेच सुरूही करू नका. भेटूया पुढच्या भागात!