जमीन की पेडल? सीटच्या उंचीचा मागोवा

सीट किती उंच असावी हे पूर्वी जमीन ठरवायची. कार्ल फॉन ड्राइस १८१७ मध्ये मानहाइमच्या रस्त्यावर आपली लाकडी दुचाकी घेऊन आला, तेव्हा तिला पेडल नव्हते. स्वार जमिनीला पायांनी रेटा देत पुढे सरकायचा. पाय जमिनीवर पुरले नाहीत, तर गाडी हलणारच नाही.

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकालाच पेडल बसले. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, म्हणून वेग हवा तर चाक मोठे हवे. चाक वाढत गेले आणि स्वार त्याच्या डोक्यावर जाऊन बसला. आता मर्यादा फक्त पायाच्या लांबीची होती. उंच माणसाला मोठे चाक मिळे, त्याबरोबर वेगही मिळे. बुटक्याला सीट खाली घेण्याची सोय नव्हती, त्याला लहान चाकाची गाडीच घ्यावी लागे.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीच्या 'रोव्हर'ने ही गाठ सोडवली. चेनने मागचे चाक फिरू लागले, वेग दातेरी चक्रांवर आला आणि सीट नळीवर वरखाली करता येऊ लागली. पण जमिनीची सवय सुटली नाही. आजही बहुतेक जण नवी सायकल घेताना दोन्ही पाय टेकतात का, एवढेच बघतात. पेडल अगदी खाली असतानाही जमिनीपासून साधारण दहा सेंटिमीटर वर असते. तळवे टेकतील अशी सीट ठेवली की गुडघा कधी पुरता मोकळा होत नाही. मांडीचा जोर वाया जातो आणि गुडघ्याची वाटी दुखू लागते. सीट फार उंच झाली, तर कंबर डावी-उजवी डोलते आणि गुडघ्यामागे ताण येतो.

मोजमाप बरेच उशिरा आले. १९६७ मध्ये हॅम्ली आणि थॉमस यांनी इंग्लंडमध्ये दाखवले, की पायाच्या आतल्या बाजूची लांबी घ्या, तिच्या १०९ टक्के अंतर सीटपासून खालच्या पेडलपर्यंत ठेवा, की थोड्या वेळाच्या जोरकस मेहनतीत ताकद सर्वाधिक निघते. पुढे फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या तालमीतला सायकलपटू ग्रेग लेमाँड याने ०.८८३ हा गुणक लोकप्रिय केला. यात अंतर पेडलपर्यंत नव्हे, तर पेडलचा दांडा म्हणजे क्रँक ज्या आसाभोवती फिरतो, त्या आसाच्या मध्यापर्यंत मोजायचे. ८० सेंटिमीटर पाय आणि १७ सेंटिमीटर क्रँक धरा: पहिल्या हिशेबातून क्रँक वजा केला की ७०.२, दुसऱ्याने ७०.६. दोन वेगळ्या वाटा चार मिलिमीटरवर येऊन भेटतात, हे मला फार विलक्षण वाटते.

तरी आकड्याला शेवटचा शब्द देऊ नये. १९६९ मध्ये ब्लुआच्या ट्रॅकवर पडल्यानंतर सायकलपटू एडी मर्क्सचे शरीर पूर्वीसारखे राहिले नाही. शर्यत चालू असतानाही तो पान्याने सीट वरखाली करत असे. पुढे गुडघ्याचा कोन मोजण्याची पद्धत आली: पेडल तळाशी असताना गुडघा सुमारे २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. बुटाच्या तळव्याची जाडी, घोट्याची सवय, हे सारे त्या कोनात आपोआप येते.

मग सिग्नलला पाय कसा टेकायचा? सीटवरून पुढे उतरून, दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहायचे. निघताना एक पेडल वर घेऊन त्यावर जोर द्यायचा आणि त्याच झटक्यात सीटवर बसायचे.