ऑक्सफर्डमधील शिंदे : पदवीवाचून धर्माध्ययन

मराठी-कानडी सीमेवरील जमखंडी संस्थानात १८७३ साली जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचे अध्ययन करण्यास गेले आणि १९०३ साली कोणतीही पदवी न घेता परतले. आपल्याकडे ही गोष्ट बहुधा एका वाक्यात आटोपली जाते. आम्हांस ती थांबून पाहण्याजोगी वाटते.

त्या काळी ऑक्सफर्डमध्ये थिऑलॉजीच्या उच्च पदव्या प्रस्थापित आंग्ल चर्चच्या धर्मोपदेशकांपुरत्या राखून ठेवलेल्या होत्या. हा निर्बंध १९२० साली उठला. संशोधनासाठी द्यावयाची डॉक्टरेट तर त्या विद्यापीठाने १९१७ साली सुरू केली. तेव्हा प्रार्थनासमाजाच्या या तरुणास ठोठावण्यापुरतेही दार नव्हते. जे दार उघडे होते, ते मँचेस्टर कॉलेजचे. १७८६ साली स्थापन झालेली आणि गावोगाव फिरत १८८९ साली ऑक्सफर्डला आलेली ही संस्था. येथे शिकणाऱ्याकडून वा शिकविणाऱ्याकडून विशिष्ट मताची कबुली घ्यावयाची नाही, असा तिचा मूळ दंडक.

तेथे जोसेफ एस्टलिन कार्पेंटर तुलनात्मक धर्म शिकवीत. 'दीघनिकाया'ची पाली संहिता त्यांनी ऱ्हीस डेव्हिड्स यांच्यासमवेत संपादिली होती. युनिटेरियन धर्मपंडिताने बौद्ध ग्रंथ इतक्या काटेकोरपणे हाताळावा, ही शिस्त (आणि आमच्या मते शिंद्यांचा खरा लाभ हाच) कोणत्याही प्रमाणपत्रात मावणारी नव्हती. १९०३ साली ॲम्स्टरडॅमच्या उदार धर्मपरिषदेत त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्माविषयी निबंध वाचला, आणि मग ते स्वदेशी परतले.

पुढे १९०६ साली मुंबईत त्यांनी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापिली. तिच्या कामाने त्यांचा अभ्यास थांबला, असे म्हणणारे 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ वाचीत नसावेत. वैदिक, बौद्ध आणि स्मृतिकालीन वाङ्मयातून अस्पृश्यतेचा उगम व विस्तार शोधणारा हा ग्रंथ वस्तुतः प्रबंधच आहे. मात्र त्याला ना मार्गदर्शक होता, ना परीक्षक. वस्तीत फिरून माणसे पाहिलेल्याने जुन्या पोथ्यांना प्रश्न विचारावेत, हे विद्यापीठीय प्रबंधांत आजही क्वचित आढळते. त्यांतील काही व्युत्पत्ती आज टिकणार नाहीत, हे आम्ही मान्य करतो. तरी आपल्या धर्मविषयक संशोधनाच्या याद्यांत त्याला स्थान द्यावयाचे, की केवळ समाजसुधारणेच्या कप्प्यात ठेवावयाचे, हे आपण अध्यापकांनी ठरवावयास हवे.

ग्रंथ १९३३ साली निघाला. त्या वेळी शिंदे साठ वर्षांचे होते, आणि ऑक्सफर्ड सोडून त्यांना तीस वर्षे झाली होती.