युकुलेलीच्या चार मोकळ्या तारा

ता. २३ ऑगस्ट १८७९ रोजीं 'रेव्हन्सक्रॅग' नांवाचें जहाज हवाईच्या राज्यांत होनोलुलू बंदरास लागलें. अटलांटिक महासागरांतील मदैरा बेटावरून उंसाच्या मळ्यांत मजुरीसाठीं आलेलीं चारशेंहून अधिक पोर्तुगीज माणसें त्यांत होतीं. मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास व जोझे दो एस्पीरितो सांतो हे तीन लांकूडकाम जाणणारे कारागीर त्यांपैकींच. पुढें त्यांनीं होनोलुलूंत वाद्यें करण्याचा धंदा मांडला. मदैरांतील चिमुकल्या 'माशेत' वाद्याचा आकार आणि 'राझांव' वाद्यांतील चार तारांची जुळणी यांच्या संयोगानें, तेथील कोआ लांकडाचें जें वाद्य निपजलें, तेंच युकुलेली. राजा कालाकाउआ यानें त्यास दरबारीं मान दिला.

'मायनर सेव्हन्थ' हा स्वरसंघ म्हणजे षड्ज, कोमल गांधार, पंचम व कोमल निषाद यांचा एकत्र नाद. आज रूढ असलेल्या जुळणींत युकुलेलीच्या तारा जी, सी, ई, ए या स्वरांत लावितात. यांतील 'ए' हा षड्ज मानला, तर उरलेले तीन स्वर बरोबर तेच ठरतात. म्हणून नवशिक्यानें डाव्या हाताचें एकही बोट न लावतां तारा छेडल्या, तरी हा स्वरसंघ उमटतो. पहिलें बोट दुसऱ्या पडद्यावर चारही तारांवर आडवें दाबिलें, कीं तोच 'बी'वर जातो. तिसऱ्यावर 'सी', पांचव्यावर 'डी'. मात्र दाब सारखा हवा. नाहीं तर एखादी तार मुकी राहते.

परंतु याच चार तारांत 'सी'ला षड्ज मानिलें, तर शुद्ध गांधार, पंचम व शुद्ध धैवत मिळून 'मेजर सिक्स्थ' हा निराळा, प्रसन्न स्वरसंघ होतो. 'सी'ची तार सर्वांत खालच्या स्वराची असल्यामुळें कान आपोआप तिकडे झुकतो. साथीचें मंद्र वाद्य 'ए' धरून राहिलें, कीं त्याच नादांत उदासपणाची छटा येते. तारा त्याच, नाद तोच. बदलतो तो केवळ आधारस्वर.

वाद्याच्या नांवाचीही हीच गत आहे. 'युकुलेली' म्हणजे उडी मारणारी पिसू, असा अर्थ लोकांत रूढ आहे. कालाकाउआची बहीण राणी लिलिउओकलानी ही स्वतः गीतें रचणारी होती. तिनें 'येथें आलेलें दान' असा अर्थ लाविला. १८९३ सालीं तिचें सिंहासन गेलें आणि १८९८ सालीं अमेरिकेनें हवाई बेटें आपल्या राज्यास जोडलीं. १९१५ सालच्या सॅन फ्रॅन्सिस्को येथील प्रदर्शनानंतर युकुलेली अमेरिकेंत घरोघर पोहोंचलें. तेथें तें करमणुकीचें खेळणें ठरलें. राणीच्या लेखीं मात्र तें परक्यांनीं आणिलेलें व तिच्या प्रजेनें आपलेंसें केलेलें दान होतें. वाद्य एकच, आधारस्वर कोणता धरावा, हें ऐकणाराच्या हातीं राहिलें.