‘कारभारी’ म्हणजे नक्की कोण? ख्रिस्ती वर्षाचे ऋतू आणि त्यामागचा हिशेब

‘कारभारी’ म्हटलं की मराठी माणसाला पेशवाईतला कारभारी आठवतो, नाहीतर गावाकडे बायकोने नवऱ्याला मारलेली हाक. मराठी बायबलमध्येही हा शब्द आहे आणि तिथे त्याचा अर्थ अगदी नेमका आहे: दुसऱ्याची मालमत्ता सांभाळणारा माणूस. म्हणजे मालक नव्हे. पैसा, जमीन, वेळ, अंगातलं कसब हे सगळं देवाचं आहे, माणसाकडे ते सांभाळायला दिलंय आणि त्याचा हिशेब द्यायचाय, अशी ही शिकवण. तिला ‘कारभारीपण’ म्हणतात.

बऱ्याच जणांना वाटतं, हा दानपेटीचा विषय आहे. पण तेवढंच असतं तर त्यासाठी अख्खं वर्ष लागलं नसतं.

वर्ष कधी सुरू होतं?

ख्रिस्ती उपासनेचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ते सुरू होतं नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी. २०२६ मध्ये हा दिवस २९ नोव्हेंबर आहे. या दिवसापासून आगमनकाळ, मग नाताळ, मग उपवासकाळ, ईस्टर, पन्नासाव्या दिवसाचा सण आणि उरलेला सामान्य काळ, असा हा क्रम. प्रत्येक काळाचा रंग ठरलेला असतो. आगमन आणि उपवासाला जांभळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, पन्नासाव्या दिवसाला लाल, सामान्य काळात हिरवा. कॅथलिक आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या मंडळ्या हे वर्ष पाळतात. अनेक पेन्टेकॉस्टल मंडळ्या पाळत नाहीत.

उपवासाचे पैसे जातात कुठे?

कारभारीपणाची खरी परीक्षा उपवासकाळात होते. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस काढतात आणि ईस्टरपर्यंतचे ४० दिवस सुरू होतात. कॅलेंडरवर ते ४६ भरतात, कारण रविवार मोजत नाहीत. ईस्टर हा पुनरुत्थानाचा सण आणि प्रत्येक रविवार म्हणजे छोटा ईस्टर, त्या दिवशी उपवास कसला!

या काळाचे आधार तीन: प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. तिन्ही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एकापाठोपाठ येतात, आणि तिन्ही लोकांना दाखवण्यासाठी करू नका अशी ताकीदही तिथेच आहे. मटण-मासळी सोडली आणि वाचलेले पैसे स्वतःच्याच खिशात राहिले, तर ते नुसतं डाएट झालं. म्हणूनच अनेक चर्चमध्ये या काळात घरोघरी दानाची पाकिटं किंवा डबे देतात. न खाल्लेल्या जेवणाचे पैसे त्यात टाकायचे आणि ते गरजूंपर्यंत पोहोचवायचे.

किती द्यायचं, हा जुना वाद. जुन्या करारात दशांश, म्हणजे दहावा भाग, सांगितला आहे. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना टक्का ठरवला नाही, ज्याने त्याने मनात ठरवून आनंदाने द्यावं असं सांगितलं. ‘इतके द्या, दुप्पट परत मिळतील’ अशी हमी देणारे उपदेशक आज मोबाइलवर रोज दिसतात. पण परताव्याच्या आशेने दिलं तर ती गुंतवणूक झाली, कारभार नव्हे. आणि हिशेब फक्त देणाऱ्यालाच लागू नाही. चर्चचा निधी आणि जमिनी सांभाळणारे विश्वस्तही कारभारीच.

सण नसलेले महिने

सामान्य काळ सगळ्यात लांब, ३३ किंवा ३४ आठवड्यांचा. सजावट नाही, मोठा सण नाही. रोजच्या कारभाराचं सगळ्यात सुंदर उदाहरण मिझोराममध्ये सापडतं. तिथल्या प्रेस्बिटेरियन घरांत बाई स्वयंपाकाला तांदूळ काढते तेव्हा दर वेळी एक मूठ बाजूला ठेवते. त्याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. साठलेला तांदूळ मंडळी गोळा करते, विकते आणि त्यातून काम चालवते. सण नाही, भाषण नाही, फक्त रोजची मूठ.

भाताची कणसं आणि वसईची जमीन

आपल्याकडे कापणीच्या सुमाराला, बहुधा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, मुंबई, ठाणे आणि वसईकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ‘आगेरा’ साजरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणायच्या, त्यांच्यावर आशीर्वाद मागायचा आणि त्यातल्या थोड्या घरी न्यायच्या. पहिलं पीक आपलं नव्हे, हे त्यातून सांगायचं.

गेल्या काही वर्षांत याच दिवसांना आणखी एक अर्थ जोडला गेला आहे. १९८९ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चने १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथलिकांसाठीही स्वीकारला. आता १ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, अनेक मंडळ्या ‘सृष्टीचा काळ’ पाळतात.

वसईत मात्र ही गोष्ट त्याआधीच रस्त्यावर आली होती. ‘सुबोध बायबल’चे लेखक आणि पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनाचं नेतृत्व केलं. प्रश्न होता वसईच्या हिरव्या पट्ट्याचा, बागायतींचा, विहिरींच्या पाण्याचा. त्या लढ्यात ख्रिस्ती शेतकऱ्यांबरोबर इतर धर्मांचे शेतकरीही होते. दरम्यान मुंबईतल्या कित्येक गावठाणांभोवतीची भातशेती इमारतींखाली गेली. आगेरा तिथे अजूनही होतो, लोंब्या मात्र बाहेरून आणाव्या लागतात.