घंटेवर साल असतं, तुळईवर नसतं

आज माईक ज्या टेबलावर ठेवलाय, त्या टेबलाचीच गोष्ट.

आगाशीचं आमचं कौलारू घर पाडलं, तेव्हा भंगारवाला सगळं एकाच टेम्पोत भरत होता. दोन तुळया आणि खिडक्यांचे गज मी मागून घेतले. आजी म्हणाली, "एवढा शिकलास आणि लाकडं काय गोळा करतोस?"

सुताराने रंधा मारला आणि सागाचा तेलकट वास सुटला. उपटलेला जुना खिळा फारसा गंजलेला नव्हता. कारण सोपं आहे. ओकमधलं आम्ल लोखंड खातं, सागातलं तेल ते सांभाळतं. शिवाय वाळवी सहसा लागत नाही. म्हणून तर जहाजांसाठी सागाला एवढी मागणी होती. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्या काळातही इथे जहाजं बांधली जात होती. पुढे मुंबईत वाडियांनी १८१७ मध्ये इंग्रजांसाठी बांधलेलं सागवानी 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये तरंगतंय!

जुन्या वस्तूला दुसरा जन्म देणं वसईला नवं नाही. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला. चर्चच्या घंटा वितळवून तोफा ओतता आल्या असत्या. पण त्यातल्या काही देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकची प्रसिद्ध नारोशंकराची घंटा वसईचीच. तिच्यावर १७२१ हे साल आहे, म्हणून ती कुठली, कधीची, हे आपण आज सांगू शकतो.

तुळईवर साल नसतं. २००९ मध्ये आपली महानगरपालिका झाली. आता जुन्या घरांच्या जागी टॉवर उभे राहतायत, आणि त्यांचं सागवान शोरूममध्ये 'जुनं टीक' म्हणून महाग विकलं जातं. कुठल्या गावचं, कुणाच्या घरचं? कुणीच विचारत नाही.

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात गज वेल्ड करून पायांची चौकट केली. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून पट्टीतली भोकं लांबट ठेवली, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा राहते. फळीवरची खिळ्यांची भोकं मात्र बुजवली नाहीत.

मग आजीला विचारलं, "घर बांधलं कुणी?" सुताराचं नाव तिला आठवेना. "पडवीत झोपायचा," एवढंच म्हणाली. टेबलाखाली मी आगाशी आणि आमच्या घराचं नाव कोरलं. शेजारी त्या सुतारासाठी जागा रिकामी सोडली.

तुमच्याकडे पाडकाम निघालं, तर टेम्पो यायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. मला उशीर झाला. भेटू पुढच्या भागात!