देश बुडाला, नाव तरली

कयाकपटू बिर्गिट फिशरची पदकं मोजायला बसलं की पहिला घोळ नावापासूनच होतो. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये फिशर, १९८८ला सोलमध्ये आणि १९९२ला बार्सिलोनात नवऱ्याचं आडनाव श्मिट, पुढे घटस्फोटानंतर पुन्हा फिशर. देशाचंही तेच. मॉस्को आणि सोलला पूर्व जर्मनी, बार्सिलोनापासून एकत्र झालेला जर्मनी. बाई मात्र एकच. ६ ऑलिंपिक, ८ सुवर्णपदकं, ४ रौप्य. पहिलं सुवर्ण १८व्या वर्षी, शेवटचं ४२व्या.

नोकरीनिमित्त बर्लिनला राहत होतो तेव्हा मी तिच्या गावी अधूनमधून जायचो. ब्रांडेनबुर्ग हे बर्लिनच्या पश्चिमेला, हाफेल नदीवरचं गाव. नदीला इतके फाटे फुटलेत की कुठल्याही गल्लीत शिरा, शेवटी पाणीच लागतं. बेट्झझे नावाच्या लांबट तळ्यावर शर्यतींचा मार्ग आखलेला आहे. गावचा पोलाद कारखाना १९९३ साली बंद पडला, आता तिथे संग्रहालय आहे. १९६२ साली इथे जन्मलेल्या या पोरीला वडिलांनी सहाव्या वर्षी कयाकमध्ये बसवलं.

घरची हौस तिथे संपली आणि सरकारचा हिशेब सुरू झाला. १९६९ साली पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाने खेळांची सरळ वाटणी केली. बास्केटबॉलला डझनभर माणसं पोसा आणि पदक मिळालंच तर एक. कयाकमधली एकटी मुलगी एका ऑलिंपिकमध्ये दोन आणू शकते. झालं, बास्केटबॉल, वॉटरपोलो वाऱ्यावर आणि कयाकिंग वरच्या पंगतीला. बिर्गिट निवासी क्रीडाशाळेत गेली, मग पोट्सडामच्या लष्करी क्लबात, आणि सैन्यात मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढली. वल्हं मारणं हीच तिची नोकरी.

याच व्यवस्थेने खेळाडूंना, अगदी कोवळ्या मुलींनासुद्धा, उत्तेजकं चारली. बर्लिनमध्ये खटले चालले, २००० साली माजी क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड दोषी ठरला. त्यामुळे त्या काळातलं कुठलंही पदक लोक जरा डोळे बारीक करूनच बघतात. बघू देत. फिशरच्या ८ सुवर्णांपैकी ३ पूर्व जर्मनीच्या खात्यावर आहेत, ५ त्यानंतरची. माझ्या लेखी खरी गोष्ट या पाचांची आहे.

त्याआधी एक भोक राहतं, १९८४चं. आदल्या वर्षी फिनलंडमधल्या टाम्पेरेच्या जागतिक स्पर्धेत तिने एकेरी, दुहेरी आणि चौघींची, अशा ५०० मीटरच्या तिन्ही शर्यती मारल्या होत्या. लॉस एंजेलिसला महिलांची चौघींची शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच येणार होती. सोव्हिएत गटाने बहिष्कार टाकला आणि ती घरी बसली. एकेरी आणि दुहेरी जिंकली स्वीडनच्या अग्नेता अँडरसनने. सोलला फिशर उतरली तेव्हा पदरात लहान मुलगा होता. दोन सुवर्णं मिळाली, पण एकेरीत बल्गेरियाच्या वान्या गेशेवाने तिला सेकंदाच्या आठव्या हिश्श्याने मागे टाकलं. फिशरने निवृत्ती घेतली, मुलगी झाली, आणि त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली.

पाठोपाठ देश गेला, त्याचं सैन्य गेलं. तिशीतली दोन मुलांची आई पुन्हा नावेत बसली आणि बार्सिलोनात तीच एकेरीची शर्यत जिंकून आली.

हे किती अवघड ते कळायला एकदा शर्यतीच्या कयाकमध्ये बसावं. लांबी ५ मीटर २० सेंटिमीटर, वजन अवघं १२ किलो, रुंदी जेमतेम कंबर मावेल एवढी, आणि तळ गोल. पुण्यात सीओईपीच्या बोट क्लबवर आम्ही वापरायचो त्या कयाक याच्यापुढे गरीब गाई, तरी मुळेचं पाणी माझ्या नाकातोंडात गेलेलं आहे. बघणाऱ्याला वाटतं सगळं दंडाचं काम. पण ज्या बाजूला वल्हं पडतं त्या बाजूचा पाय पायटेकूवर रेटायचा, कंबर आणि धड वळवायचं, आणि वल्हं पाण्यात रोवून नाव त्याच्या पुढे न्यायची. दंड फक्त जोडणी करतात. चौघींच्या नावेत पुढची बाई लय देते, मागच्या तिघी ती पाठीवरून वाचतात. ही समज वयाबरोबर वाढते, असं मला वाटतं.

अटलांटात चौघींचं सुवर्ण आलं, दुहेरीत मात्र पुन्हा अँडरसन आडवी आली. मध्येच १९९९ला फिशरने युरोपीय संसदेची निवडणूक लढवून पाहिली. ती कयाकमध्येच शोभते. सिडनीला उद्घाटनात जर्मनीचा झेंडा तिच्या हाती होता, आणि परतताना दोन सुवर्णं. पुन्हा निवृत्ती, पुन्हा पुनरागमन. अथेन्समध्ये चौघींच्या नावेत तिच्याबरोबर कारोलिन लेओनहार्ट होती, मॉस्कोच्या शर्यतीनंतर चार वर्षांनी जन्मलेली. हंगेरीला त्यांनी मागे टाकलं ते सुमारे ०.२ सेकंदाने.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिने लंडनसाठीही तयारी धरली होती, पण हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले आणि २०१२ साली डाव आवरावा लागला. तोवर जर्मनीने बीजिंगला चौघींची शर्यत पुन्हा जिंकलेली होती. त्या नावेत फानी फिशर होती, बिर्गिटच्या भावाची मुलगी.