बुलंद दरवाजा: दगडावर दानदेश, तोंडी खानदेश

आजच्या भागात आपण आग्र्यापासून साधारण ४० किलोमीटरवर असलेल्या फतेहपूर सिक्रीला जाणार आहोत. तिथल्या जामा मशिदीचा बुलंद दरवाजा तुम्ही रील्समध्ये नक्की पाहिला असेल. आणि ज्यांचं गाव जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडे आहे, त्यांनी हा भाग जरा कान देऊन ऐका. कारण या दरवाज्यावर तुमच्या मुलखाचा उल्लेख आहे.

आधी आकाराचं बोलू. खालच्या जमिनीपासून मोजलं तर पायऱ्या धरून उंची साधारण ५४ मीटर. म्हणजे अंदाजे अठरा मजली इमारत. लिफ्ट नाही, समोर दगडी पायऱ्यांची उंचच उंच रांग. लाल दगड, त्यात पांढऱ्या संगमरवराचं जडावकाम, मधोमध प्रचंड कमान. गंमत अशी की आपण आत जातो ते खरं दार त्या कमानीच्या पोटात, तळाशी आहे आणि त्यामानाने अगदी छोटं आहे. बाकी सगळा बाहेरच्या माणसासाठीचा देखावा! आत अंगणात गेल्यावर मागे वळून बघा. तोच दरवाजा टप्प्याटप्प्याने खाली उतरतो आणि मशिदीच्या ओवऱ्यांशी जुळवून घेतो. बाहेरून दरारा, आतून नम्रता. ज्याने हे डिझाइन केलं त्याला सलाम.

आता मुद्द्याचं. तिथे गाइडला विचारा, तो सांगेल, ‘अकबराने गुजरात जिंकलं, त्या विजयाचा हा दरवाजा.’ ही गोष्ट भारी आहेच. १५७३ मध्ये गुजरातमध्ये बंड झालं, तेव्हा अकबर मोजके घोडेस्वार घेऊन सिक्रीहून निघाला आणि दोन आठवड्यांच्या आत थेट अहमदाबादला धडकला. बरेच अभ्यासक दरवाज्याचं बांधकाम त्याच विजयाच्या आसपासचं मानतात, काही जण ते बरंच नंतरचं धरतात.

पण दरवाज्यावर विजयाचा जो फारसी शिलालेख आहे, त्यात गुजरातचं नाव नाही. त्यावर साल आहे हिजरी १०१०, म्हणजे इसवी सन १६०१. त्याचा आशय असा: बादशहाने दख्खन जिंकलं आणि दानदेश जिंकला, ज्याला पूर्वी खानदेश म्हणत, मग तो फतेहपूरला आला आणि पुढे आग्र्याला गेला.

‘ज्याला पूर्वी खानदेश म्हणत.’ हे नीट ऐकलंत ना?

झालं असं. खानदेशावर फारुकी घराण्याचं राज्य होतं, राजधानी बुऱ्हाणपूर. त्यांचा असिरगड म्हणजे दख्खनच्या वाटेवरचं कुलूप. कितीतरी महिने वेढा चालला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड अकबराच्या हाती आला. त्याआधी १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला होता. तो लढवणारी चांदबिबी त्याच वेळी मारली गेली, तीही आपल्याच लोकांच्या हातून. जिंकलेला मुलूख अकबराने धाकट्या मुलाकडे, शहजादा दानियालकडे सोपवला आणि त्याच्या नावावरून खानदेशचं नाव ‘दानदेश’ केलं.

आमच्या धंद्यात सांगायचं तर हे फोल्डरचं नाव बदलण्यासारखं झालं. मॅनेजर एका दिवसात नाव बदलतो, पण टीम पुढची दहा वर्षं जुन्याच नावाने हाक मारते. दानियाल १६०५ मध्ये बुऱ्हाणपूरलाच दारूपायी गेला. त्याचं नावही मुलखाला चिकटलं नाही. दगडाने ज्याला ‘पूर्वीचं नाव’ म्हटलं, ते आज चारशे वर्षांनंतरही एसटी स्टँडवर, अहिराणी गाण्यांत आणि ‘खानदेशी’ भरिताच्या पाटीवर जिवंत आहे. दानदेश मात्र शोधायला सिक्रीला जावं लागतं.

दुसरा दावा बघा, ‘दख्खन जिंकलं’. खरं तर हाती काय होतं? वऱ्हाड, खानदेश, अहमदनगरचा किल्ला आणि आसपासचा काही भाग. विजापूर आणि गोवळकोंडा जसेच्या तसे उभे होते. निजामशाहीसुद्धा संपली नव्हती. मलिक अंबरने परंड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मुघलांना दमवलं. त्यानंतर शहाजीराजांनी एका लहान मुलाला गादीवर बसवून ती निजामशाही आणखी काही वर्षं ओढली. ती संपली १६३६ मध्ये, म्हणजे शिलालेखानंतर ३५ वर्षांनी. थोडक्यात, काम अर्धंही झालेलं नसताना ‘प्रोजेक्ट पूर्ण’ असा मेल गेला होता!

बरं, हा विजय मिरवायला सिक्रीत होतं कोण? अकबराने १५८५ मध्येच राजधानी इथून हलवली होती. ‘पाणी संपलं म्हणून’ हे कारण सगळे सांगतात, पाण्याची अडचण होतीही. पण त्याच वर्षी त्याचा सावत्र भाऊ मिर्झा हकीम काबूलमध्ये वारला, वायव्य सरहद्द अस्थिर झाली आणि बादशहाने लाहोर गाठलं, हेही तितकंच महत्त्वाचं. म्हणजे १६०१ चा शिलालेख दरबार उठून गेलेल्या शहराच्या दारावर आहे.

आणि तो परतत का होता? मोठा मुलगा सलीम अलाहाबादला बंडाच्या पवित्र्यात बसला होता. आता या दरवाज्यातून आत पाहा. समोर अंगणात शेख सलीम चिश्तींचा दर्गा आहे. त्यांच्या आशीर्वादाने मुलगा झाला अशी अकबराची श्रद्धा होती. त्या मुलाचं नाव त्यांच्यावरूनच सलीम ठेवलं आणि सिक्रीचं शहर उभं राहिलं तेही याच ओढीने. १६०१ मध्ये एका मुलाच्या नावाने मुलूख जिंकून आलेला हा बाप दुसऱ्या मुलाच्या काळजीत आग्र्याकडे निघाला होता. शिलालेखात यातलं काही नाही. ‘पुढे आग्र्याला गेला’ एवढंच.

त्याच दरवाज्यावर आणखी एक लेख आहे. त्यात ईसा, म्हणजे येशू यांच्या तोंडी एक विचार घातला आहे. जग हा पूल आहे, ओलांडून जा, त्यावर घर बांधू नका, असा त्याचा आशय. एका मुस्लिम बादशहाच्या मशिदीच्या दारावर येशूचं नाव, आणि तेही अठरा मजली बांधकामावर! दोन्ही लेख एकाच दरवाज्यावर आहेत. एक म्हणतो ‘मी जिंकलं’, दुसरा म्हणतो ‘इथे काही टिकत नाही’.

म्हणून तिथे गेलात तर सेल्फी काढाच, पण गाइडला एक प्रश्नही विचारा, ‘भैया, विजय के शिलालेख में कौन से मुल्क का नाम लिखा है?’ आणि दाराच्या लाकडी फळ्यांवर ठोकलेले घोड्याचे नाल बघायला विसरू नका. ते कुठल्या बादशहाने नाही, साध्या लोकांनी श्रद्धेने ठोकलेत.

ग्रुपमध्ये कुणी खानदेशी असेल तर हा भाग त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात!